भोवऱ्याला न दिसलेला गुलाबी रंग

मित्रांनो, माझे खरे नाव सेंट्रिफ्यूज, पण प्रयोगशाळेत मला सगळे भोवरा म्हणतात. वय झाले माझे, झाकण कुरकुरते. तरी रक्ताच्या नळ्या पोटात घेऊन गरगर फिरायला मी आजही एका पायावर तयार असतो. मी फिरलो की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी उरते. समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवल्या नाहीत, तर मात्र मी सगळे टेबल हादरवतो. तसला अन्याय मला खपत नाही.

त्या पिवळ्या पाण्यात मायक्रोआरएनए नावाचे अतिसूक्ष्म रेणू असतात. पेशीत प्रथिने बनत असताना 'आता पुरे' असे सांगणे हे त्यांचे काम. त्यांचे प्रमाण बिघडले, तर कुठे पेशी बेसुमार वाढून कर्करोग होऊ शकतो, कुठे मेंदूचे काम अडू शकते.

आमच्या संशोधक ताईंची आई विसरू लागली होती. चहात तीनदा साखर घाली. हा विस्मरणाचा आजार रक्तावरून लवकर ओळखता यावा, म्हणून ताईंनी दोन वर्षे घाम गाळला. आणि एक दिवस सापडले! रुग्णांच्या रक्तात एक मायक्रोआरएनए निरोगी लोकांपेक्षा दुप्पट होता. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. शोधनिबंध सोमवारी छापायला पाठवायचा ठरला. मीही फुशारलो; फिरलो तर मीच होतो ना.

तेवढ्यात नळ्या सांभाळणारे काका चष्मा पुसत आले.

"ताई, रुग्णांच्या नळ्यांतलं पाणी गुलाबी दिसतंय. निरोगी लोकांचं बघा, स्वच्छ पिवळं."

"असं कसं?"

"निरोगी म्हणजे आपलेच कर्मचारी. त्यांचं रक्त घेतलं की लगेच भोवऱ्यात. रुग्णांचं येतं दूरच्या दवाखान्यातून, अर्धा दिवस गाडीत हेलकावे खात. लाल पेशी फुटल्या असणार. तुमचा मायक्रोआरएनए त्यांच्यातूनच सांडलाय बहुतेक."

ताईंनी तपासून पाहिले. काकांचेच खरे निघाले. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली. मला फार वाईट वाटले. दोन बाजू सारख्या नसल्या की थयथयाट करणारा मी, पण हे मला कळलेच नव्हते.

"थोडंसंच गुलाबी आहे, कोण बघतंय?" प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले.

"उद्या माझ्या आईची तपासणी यावरून झाली, तर मी बघेन, सर," ताई म्हणाल्या. निबंध गेला नाही.

त्याच महिन्यात नवे यंत्र आले आणि मी अडगळीत पडलो. वाटले, संपले आता. पण काकांनी मला पुसले, झाकणाला तेल घातले आणि थेट त्या दूरच्या दवाखान्यात नेऊन बसवले. आता रक्त घेतले की लगेच मी फिरतो, आणि प्रत्येक नळीवर वेळ लिहितात.

पहिली नळी ताईंच्या आईची होती; तिचे उपचार तिथेच चालू होते.

"मागे दिलं होतं ना गं मी रक्त?" आईने विचारले.

ताईंनी चमकून आईकडे पाहिले. आईला हे आठवत होते. "ते वाया गेलं, आई. माझी चूक."

"मग घे परत. या वेळी नीट घे."

मी फिरलो, थांबलो. पाणी पिवळे निघाले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर तेल द्या, हे तर सांगतोच. पण नळी बाहेर काढलीत की आधी तिचा रंग बघा, आणि मनासारखा नसला तरी स्पष्ट सांगा. कुणाची तरी आई त्या उत्तराची वाट बघत असते.