न पेटलेल्या चितेचा पंचनामा

"जाळली म्हून कुणी सांगितलं बे तुला?"

भर ठाण्यात, फौजदारासमोर, सोमेश्वरनं बंकट जमादाराला असं धरलं. जमादार नुसता टोपी सारखी करत बसला. पंचनामा त्यानंच लिवलेला: मयत रुद्राणी हिचे दहन झाले, सबब शवविच्छेदन शक्य नाही. खाली दोन पंचांच्या सह्या, दोघंबी दवाखान्यातले शिपाई.

आता तालुक्यातलं शेंबडं पोर बी सांगल, लिंगायत माणूस जाळत न्हाईत, पुरत्यात. मांडी घालून बसवत्यात, डाव्या हातावर लिंग ठिवत्यात, वरून विभूती, मीठ, माती. जमादार गावात गेलाच नव्हता.

रुद्राणी सोमेश्वरची बायको. दोन लेकरांवर मूलबंदीचं ऑपरेशन करायला सरकारी दवाखान्यात गेलती. मोठ्या डॉक्टरला स्वतःच्या खाजगी दवाखान्यात जायची लई घाई. एका सकाळी चाळीस बाया उरकल्या त्यानं. तिसऱ्या दिवशी रुद्राणीचं पोट मडक्यावानी फुगलं, चौथ्या दिवशी मेली. कागदावर हार्टफेल. सोमेश्वरनं आपल्या एसटीडी बूथवरून चार महिने रोज एसपी ऑफिसला फोन लावला, तवा कुठं एसपीनं ह्या नव्या फौजदाराला फाइल उघडाय लावली.

फौजदारानं फाइल मिटली. म्हणला, पुरलंय तर पुरावा हाय. अर्ज द्या, तहसीलदारासमोर उकरू. डॉक्टर बी सापडल, आमचा माणूस बी. मग हळूच इचारलं, "बघवल का तुमाला?"

त्याचा इचार सोमेश्वरनं केलाच नव्हता. डोकं तापलेलं, त्याच तारेत सही करून मोकळा झाला.

घरी दिंद्रुडहून सासू-सासरे आलते. सासरे मन्मथप्पांनी ऐकलं आन् जेवत्या ताटावरून उठले.

"बसवलेल्या जीवाला कावून उठवायलाव?"

अर्ज माघारी घ्या म्हून त्यांनी हात जोडले. सासऱ्यानं जावयापुढं हात जोडावं! सोमेश्वरचा सगळा राग आटला. 

चुलीपुढून सासूबाई बोलल्या. शिवम्मा एरवी मालकापुढं ब्र काढत न्हाईत.

"न्हाऊ मी घातलं तिला. टाक्यातून घाण यायलती, फडकी पुरंनात. तुमी न्हाई बघितलं. आता सरकारला बघू द्या."

मन्मथप्पा खाली बसले. 

आठव्या दिवशी रुद्राणीला पुरलेल्या शेताला तहसीलदाराची जीप आली. मागून बंकट जमादार उतरला आन् सोमेश्वरला बाभळीआड ओढून घिऊन गेला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. ठाण्यातलं ते ‘बे’ त्यानं गिळलं होतं. म्हणला, वर दगड बसवला न्हाई अजून, जागा तुलाच दाखवायचीय. चार हात पलीकडं दाखव. काई निघायचं न्हाई, मिटून जाईल. डॉक्टरचं कुणी वाकडं करत न्हाई राजा, त्याचे हात वरपर्यंत. मरल ते मी. घरात लग्नाच्या दोन पोरी हायेत.

"डॉक्टरच्याच टेबलापाशी बसून लिवलं मी. त्यानं सांगितलं, मी लिवलं."

"मग हेच त्या सायबाला सांगा."

 जमादार सोमेश्वरच्या शर्टाची बाही काई सोडंना. बांधावर मन्मथप्पा पाठ फिरवून उभे. शिवम्मांच्या काखेत कोरं लुगडं. कुदळवाले बिडी विझवून उठले होते, आन् जागा कोण दाखवणार असं तहसीलदारानं दोनदा इचारून झालं होतं.

"सोडा जमादार. जायला पायजे मला."