पिंपळटोकचा समुद्र

"हटला! हटला! दर्या हटला!"

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मारोतरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, शे-दीडशे माणसांनी एकदम आरोळी ठोकली आणि बाभळीवरचे बगळे फडफडत धरणाकडे उडून गेले. दगडी कुंडातलं पाणी खरंच मागे हटत होतं. आधी बोटभर, मग चार बोटं, आणि घटकाभरात वरची पायरी उघडी पडली. कोणी बादली बुडवली नव्हती की कोणी हात लावला नव्हता.

कुंडाच्या काठावर निळी शाल पांघरून दर्यानाथ बाबा डोळे मिटून बसले होते. बाबा म्हणे बारा वर्षं समुद्राच्या तळाशी राहिलेले. तिथे जेवत काय होते, असं कोणी विचारलं नव्हतं. पुसद तालुक्यातल्या धरणकाठच्या या पिंपळटोक गावात ते संक्रांतीनंतर आले, मारोतरावांच्या शेतात राहिले, आणि महिन्याभरात या कुंडाला भरती-ओहोटी सुरू झाली.

"दर्यादेव श्वास घेऊन राह्यला," बाबा घुमू लागले. "आता सांगतो. ऐका! वारा नैऋत्येकडून, ताशी चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर! लाटांची उंची अडीच मीटर! मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये!"

गर्दीने हात जोडले. मागे उभ्या असलेल्या उर्वशीने मात्र ओढणी तोंडात कोंबली. ही बातमी तिने सकाळीच चहा पिताना मोबाईलवर वाचली होती. कोकण किनाऱ्यासाठीचा हवामान खात्याचा इशारा होता तो, शब्दाला शब्द. नऊ वर्षं ती रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या शाळेत शिक्षिका होती. रोज तरीत बसून खाडी ओलांडायची, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा आणि वाऱ्याचा इशारा पाहिल्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे. यंदा कुठे आंतरजिल्हा बदली झाली आणि ती मे महिन्याच्या सुट्टीत गावी परतली. सवय मात्र सुटली नव्हती.

"पण बाबाजी," गर्दीतून रूपसिंग म्हणाला. त्याचा स्वभावच शंकेखोर. "धरणावर तं पान हलून नाई राह्यलं. अडीच मीटर लाट कुठी हाये?"

बाबांनी एक डोळा उघडला. "सूक्ष्म लाट हाये ती. पाप्याले दिसत नाई."

त्यानंतर सगळ्यांनाच लाट दिसू लागली.

उर्वशीला हसू येत होतं, पण ते फार वेळ टिकलं नाही. गर्दीत पुढे तिचे वडील देवराव बसले होते. चाळीस वर्षं धरणात डोंगा चालवलेला माणूस. मासे धरायचा आणि माणसं पल्याड रस्त्याला सोडायचा. त्यांच्या मनगटावर बाबांचा निळा दोरा होता. मच्छीमार संस्थेने दिलेली नारिंगी जीवरक्षक जाकिटं त्यांनी कोठीत टाकून दिली होती. आणि डोंग्याची वेळही आता बाबाच ठरवत. ओहोटीत डोंगा हाकायचा नाही. दुपारी चारनंतर कुंड भरू लागलं, भरती आली, की मगच पल्याड जायचं.

"आबा," घरी आल्यावर उर्वशी म्हणाली, "मे महिन्यात चार वाजता वादळ येते. तुम्हीच शिकवलंय मले. सकाळी जावा, दुपारी डोंगा बांधून ठेवा म्हणत होते तुम्ही."

"तवा भरतीचं माईत नव्हतं."

"अवो, धरणाले भरती नसते! अन् समुद्राची भरती रोज पाऊण तास पुढं सरकते. आज दहाले असंल तं उद्या पावणेअकराले. बाबाची ओहोटी रोज दहालेच कशी येते? अन् तेही सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारपासून रविवारपर्यंत काय समुद्राले सुट्टी राह्यते?"

"त्या दिवशी दर्यादेवाचं मौन असते."

"नऊ वर्षं पाह्यला मी समुद्र. एक दिवस गप्प नाई बसला."

देवरावांनी पानाचा देठ खुडला. "तू नऊ वर्षं राह्यली तिथं, पण येताना समुद्र आणला का? बाबानं आणला."

उर्वशीने मोबाईल पुढे केला. जिल्ह्याचा अंदाज त्यावर होता: मंगळवारी दुपारनंतर मेघगर्जना, सोसाट्याचा वारा. देवरावांनी चष्मा न लावताच तो वाचला आणि म्हणाले, "इंटरनेटवर काहीही टाकतात."

मंगळवारी चारनंतर कुंडात भरती लागली. देवरावांनी डोंग्यात नऊ माणसं घेतली. उर्वशी काठावरून ओरडत राहिली, पश्चिमेला बोट दाखवत राहिली. तिकडे आभाळ वांग्यासारखं काळंनिळं झालं होतं. डोंगा धरणाच्या मध्यावर पोहोचला आणि वारा सुटला.

तिला त्यानंतरचं सलग आठवत नाही. पांढरा फेस आठवतो. डोंगा एका बाजूला कलला, मग दुसऱ्या बाजूला. बायकांचा आरडाओरडा वाऱ्याबरोबर यायचा आणि तुटायचा. धुळीने आणि पावसाने डोंगा दिसेनासा झाला, तेव्हा तिने काठावरचा दगड दोन्ही हातांनी धरला होता. कशासाठी, तिलाच माहीत नाही. अर्ध्या तासाने डोंगा दिसला. पल्याड न जाता वाऱ्यासोबत वाहत तो दोन शेतं खाली गाळात जाऊन रुतला होता. माणसं गुडघाभर चिखलातून चालत आली. मथुराबाईंच्या आंब्यांच्या दोन टोपल्या गेल्या, एका पोराची चप्पल गेली. माणूस एकही गेलं नाही. देवरावांचे हात वल्ही मारून सोलवटले होते.

"पाहा!" संध्याकाळी बाबांनी शाल सावरत जाहीर केलं. "दोऱ्यानं वाचवलं! दोरा नसता तं नऊच्या नऊ गेले असते."

रांग लागली. ज्यांच्याकडे दोरा नव्हता त्यांनी घेतला, ज्यांच्याकडे होता त्यांनी दुसरा घेतला. देवरावांनीही सोललेल्या हातावर दुसरा दोरा बांधून घेतला. तेव्हा उर्वशीने ठरवलं, आता हसण्यावारी नेऊन चालायचं नाही.

बुधवारी सकाळी ती कुंडावर गेलीच नाही. मारोतरावांच्या घरी गेली. त्यांचं घर शेतातच, केळीच्या बागेला लागून. मारोतराव रोज पुसदला त्यांच्या कृषी केंद्रात जात. घरी त्यांची बायको बेबीताई असायची. बेबीताईंनी ताक दिलं आणि कपाळाला हात लावला.

"काय सांगू उर्वशी, केळीत भाताची लावणी होईन इतका चिखल झाला. मोटर बंद करावं तं आपोआप चालू होते."

"आपोआप?"

"ते मोबाईलवालं स्टार्टर बसवलं ना यायनं. फोन लावला की मोटर चालू. हे म्हणतात मी नाई लावला. मी बी नाई लावत. मंग भूत लावते का?"

तेवढ्यात भिंतीवरच्या पेटीत 'खट्' असा आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला. केळीतल्या पाइपातून पाणी धो धो पडू लागलं. उर्वशीने घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. ती ताकाचा पेला हातात धरून तशीच बसली. दहा मिनिटं झाली असतील नसतील, बाभळींपलीकडून आरोळी आली: "हटला! दर्या हटला!"

"ताई," तिने हळूच विचारलं, "तुमचा बोर कुठं हाये?"

"थो काय, कुंडाच्या मांगं. बाभळीच्या काट्यात. चाळीस पावलं नसंल."

"अन् शेतीची लाइन कधी असते?"

"सोमवार ते बुधवार दिवसा, आठ ते चार. बाकी दिवस रातची."

उर्वशीने पेला खाली ठेवला. समुद्राचं वेळापत्रक तिला मिळालं होतं. दर्यादेव सोमवार ते बुधवार श्वास घेत होता, कारण तेवढेच दिवस दिवसा वीज होती. चार वाजता वीज गेली की त्याची भरती.

"स्टार्टरवर कोणाकोणाचे नंबर हायेत?"

"यांचा, माहा, अन्..." बेबीताई थांबल्या. "अन् बाबाचा. त्यायनंच मांगितलं. म्हणे, मारोतराव, तुम्ही पुसदले जाता, पाण्याकडं मी पाह्यतो, तेवढीच सेवा."

मग बेबीताई पदर तोंडाला लावून अशा हसल्या की ताक सांडलं. हसू ओसरल्यावर त्यांचा चेहरा बदलला. डोंग्यातल्या त्या नऊ माणसांत त्यांची नणंद होती.

"मोबाईल आण माहा," त्या म्हणाल्या. "स्टार्टरमधून बाबाचा नंबर कसा काढून टाकतात ते पाहू."

पुढच्या सोमवारी गर्दी दुप्पट होती. वादळातून वाचवणाऱ्या दोऱ्याची कीर्ती पार पांढरकवड्यापर्यंत गेली होती. उर्वशीने मारोतरावांना दुकान बंद ठेवायला लावलं होतं. ते पहिल्या रांगेत बसले होते, मागे बेबीताई. कुंडाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी उर्वशीने खडूची रेघ ओढली.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"दर्यादेव किती हटला ते मोजतो, बाबाजी. शाळा उघडली की लेकरांले सांगता येईन."

"मोज, मोज." बाबांनी डोळे मिटले. उजवा हात शालीत गेला. "बोलो दर्यादेव की..."

"जय!"

"अब पानी पीछे हटेगा!"

पाणी जागचं हललं नाही. बाबांनी आणखी एकदा जयघोष घेतला. शालीच्या आत काहीतरी चुळबुळ झाली. पाणी रेघेवर टेकून शांत बसलं होतं. बाबांच्या कपाळावर घाम आला. हात शालीत वेगाने चालू लागला, आणि घाईत कुठलंतरी भलतंच बटण दाबलं गेलं असावं. कारण निळ्या शालीतून एका बाईचा स्पष्ट, गोड आवाज आला:

"क्षमस्व. आपला क्रमांक नोंदवलेला नाही."

मथुराबाईंनी धाडकन हात जोडले. "देवी बोलली व माय!"

"काय म्हणे?" मागच्यांनी विचारलं.

"नंबर नाई म्हणते."

"कोणाचा नंबर नाई?"

"क्षमस्व," देवी पुन्हा बोलली. "आपला क्रमांक नोंदवलेला नाही."

रूपसिंगला आधी कळलं. तो ओरडला, "अबे, हे तं मोबाईल हाये!"

उर्वशी उठली. तिने बेबीताईंचा फोन हातात घेतला, स्पीकर चालू केला आणि नंबर लावला. दोन घंट्या वाजल्या. "नमस्कार. आपली मोटर चालू झाली आहे," तोच गोड आवाज म्हणाला. मग खडूच्या रेघेखाली दगडाची ओली पट्टी दिसू लागली. बोटभर. दोन बोटं. पाणी हटत होतं.

"कुंडाचा अन् मारोतभाऊंच्या बोरचा झरा एकच हाये," उर्वशी सांगू लागली. "बोर ओढतो तं कुंड उतरते. मोटर बंद झाली की झरा पुन्हा भरते. हाच श्वास. एवढाच दर्या."

तिने मोटर बंद केली. हळूहळू पाणी रेघेकडे चढू लागलं. लोक पाहत राहिले, अगदी वाकून.

"मले एक ओहोटी लावू दे वो मॅडम," रूपसिंग म्हणाला. त्याला दिली. मग आणखी चारपाच जणांनी मागितली. शेवटी मारोतराव ओरडले, "माह्या केळीचा विचार करा बे कोणी!"

बाबा या गडबडीत शाल सोडून धुऱ्याकडे सरकले होते. मारोतरावांनी त्यांना हात धरून परत आणलं आणि खाली बसवलं. "माह्या घरचं खाऊन माह्याच मोटरीनं गावाले बुडवत होता तू?" जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांना बोलवू, असं उर्वशीने सांगितलं, आणि बोलावलंही.

देवराव मात्र जागचे हलले नव्हते. ते आपल्या सोललेल्या तळव्यांकडे पाहत होते. "मंग त्या दिवशी आमाले वाचवलं कोणी?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

उर्वशी त्यांच्याजवळ बसली. "तुमच्या हातानं, आबा. अन् नशीब की वारा काठाकडं होता. खोल पाण्याकडं असता तं दोरा अन् तुम्ही, दोघंही गेले असते."

त्यांनी दोन्ही दोरे सोडवले.

आता यातून घ्यायचं काय? चमत्कार समोर आला की नमस्काराआधी घड्याळ पाहावं. रोज होतो की ठरावीक दिवशीच, कोणाच्या हजेरीत होतो, आणि त्या वेळी आणखी काय चालू असतं, हे विचारावं. खडूची एक रेघ ओढावी. एवढं करायला कॉलेजात जावं लागत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्याच आठवड्यात एका दुपारी पल्याडच्या लग्नाला निघालेली मंडळी काठावर आली. मोबाईलवर वादळाचा इशारा होता, देवरावांनाही पश्चिमेकडचं आभाळ पटलं नव्हतं. त्यांनी डोंगा खुंटीला बांधला आणि नाही म्हणाले. मंडळी चिडली, रस्त्याने लांबचा वळसा घालून गेली. आणि वादळ आलंच नाही. पानसुद्धा हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्याडून परतताना वऱ्हाडी टोमणे मारतच डोंग्यात चढले. "काय देवराव, तुमचं ते मोबाईलवालं वादळ कुठी गेलं? बाबा बरा होता, त्याचं कधी चुकत नव्हतं."

"तेच तं," नारिंगी जाकिटं एकेकाच्या हातात देत देवराव म्हणाले. "जो कधीच चुकत नाई तो हात शालीत घालून बसलेला राह्यते. हा अंदाज हाये, चुकते. आभाळ पुन्हा तसं दिसलं तं मी पुन्हा थांबन. घाला जाकिटं, नाई तं उतरा."