अस्वलाचा आवाज

बाबाने मफलरचा पदर गळ्याला पाडलेल्या छिद्रावर नीट ओढून घेतला आणि पॉपकॉर्नचा पुडा मुलीच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर बर्फ पडायला लागला होता.

"आई, अस्वल कधी येणार?"

"येईल गं. जरा दम धर."

ते येऊच नये असं आईला वाटत होतं. पहिल्या भागात परक्या मुलखातलं ते म्हातारं अस्वल आपल्या भाषेत बोललं होतं, ते मुलीच्या बाबाच्या आवाजात. डबिंग हेच त्याचं काम. तेव्हा तो घरात पाणी मागायचा तेही अस्वल होऊन. मुलीने शाळाभर मिरवून घेतलं होतं.

दुसरा भाग येण्याआधी ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र गेलं. अस्वलाला दुसऱ्याचा आवाज मिळाला. हे मुलीला सांगायचं कुणी? तो पाटीवर 'मी सांगतो' असं लिहायचा आणि पुसून टाकायचा. आज तर तिने शेजारच्या मैत्रिणीलाही ओढून आणलं होतं.

आणि काल डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांना समोर बसवलं होतं. गाठ पुन्हा आली आहे, आता कापण्यासारखं काही उरलं नाही, म्हणाले. मुलीला त्यांनी हे अजून सांगितलं नव्हतं.

अस्वल गुहेबाहेर आलं आणि बोललं. आवाज चांगला होता, तरणा, भरदार. आईने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मुलीचा हात तोंडापाशीच थांबला. तिने वळून बापाकडे पाहिलं. तो समोरच बघत होता, ओठ मात्र अस्वलाबरोबर हलत होते.



सिनेमा ज्या पुस्तकावरून काढला होता, शेवट त्यातलाच होता. आईने तो लहानपणी वाचला होता, तरी तिने पदर मुठीत धरला. अस्वलाने पोरांना पाठीवरून गोठलेल्या नदीपार नेलं. मागे वळताना बर्फ फुटला आणि ते पाण्याखाली गेलं, ते वर आलंच नाही.

मैत्रीण मुसमुसत कुजबुजली, "ए, तुझा बाबा मेला."

आईचा हात पुढे झाला, पण मुलगी आधीच बोलून गेली.

"हॅट्! माझा बाबा नव्हताच तो. आवाज ऐकला नाहीस? कुणीतरी दुसराच होता." तिने बापाचं मनगट घट्ट धरलं. "बरं झालं ना रे बाबा, या वेळी तू नाही केलंस ते?"

त्याने मान डोलावली.

दिवे लागले. लोक उठू लागले. मैत्रिणीचं समाधान झालं नव्हतं.

"मग आता तुझा बाबा कुठल्या सिनेमात आहे?"

"कुठल्याच नाही. आता तो घरीच असतो," मुलगी ऐटीत म्हणाली. "कायमचा."

आई खाली वाकून खुर्चीखाली चप्पल शोधू लागली. चप्पल तिच्या पायातच होती.