बॉयलरला काय पाजायचं

जावयाला बोलायचं कसं, हीच तर अक्काची पंचाईत होती. पोटचा असता तर कान धरून उभा केला असता. पण हा पडला जावई. त्याला 'अहो' म्हणायचं आणि त्या 'अहो'त मावेल तेवढं तिखट भरायचं, एवढंच हातात. आणि हा बाबा तर डोक्यावर मिरे वाटायला बसलेला. विम्याच्या कचेरीतली पंख्याखालची नोकरी सोडली, गल्लीतल्या खानावळींचं जळकं तेल डबे भरभरून आणलं, आणि अक्काच्या लाँड्रीमागच्या शेडमध्ये त्याचं इंधन शिजवायला लागला. त्यात घालायला कॉस्टिक सोडा कुठला? अक्काच्या साबणाच्या कोठीतला. विचारलं? नाव नको! चादरींना तळणाचा वास येतो म्हणून हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन आला, तर हा म्हणाला, "बरंच आहे की. पेशंटला भूक लागेल, लवकर बरे होतील."

"वा! मग औषधं बंद करून तुमचे डबेच पाठवू या," अक्का म्हणाली.

सगळ्याच्या मुळाशी होता बॉयलर. लाँड्रीचा डिझेलवरचा बॉयलर म्हातारा झाला होता. तपासनीस बजावून गेला होता, थंडीच्या आत बदला, नाहीतर कुलूप लावतो. पुन्हा डिझेल नको, यावर घरात एकमत. त्या धुराने मागची भिंत कोळशासारखी झाली होती. त्यापुढे मात्र दोन तोंडं दोन दिशांना. जावई म्हणे, माझ्या तेलावर चालणारा घ्या. लेक म्हणे, विजेवरचा घे. लेक गावाबाहेरच्या अणुवीज केंद्रात मोजमापाची यंत्रं सांभाळायची, त्यामुळे विजेचा विषय निघाला की तिची मान ताठ. नवराबायको हल्ली एकमेकांशी मीठ मागण्यापुरतं बोलत होती.

जावयाचा जीव त्या बॉयलरमध्ये अडकला होता. सासूनेच तेल घेतलं नाही तर बाहेरचा कोण हुंगेल? मग परत विम्याची कचेरी, आणि ज्यांनी हसत हसत निरोप दिला त्यांच्यासमोर खाली मान. हे अक्काला कळत होतं, म्हणून ती तोडून 'नाही' म्हणत नव्हती. शिवाय तिला नवलही वाटत होतं. शाळा लवकर सुटली, पण प्रश्न विचारायची खोड काही सुटली नाही. जन्म धुण्यात गेलेला. डाग नाहीसा होत नाही, कपड्यातून निघून पाण्यात जातो, हे तिला पक्कं ठाऊक. त्यामुळे कुणी काही नवं सांगितलं की ती आधी एकच विचारायची.

"तुमच्या त्या अणूचा मळ कुठे जातो गं?" संध्याकाळी चादरींच्या घड्या घालता घालता तिने लेकीला विचारलं.

"खोल पाण्याच्या हौदात ठेवतात, आई. काही वर्षांनी निवला की जाड पिंपात बंद. पुढे हजारो वर्षं जपायचा."

"हजारो? जपणार कोण? तुला छत्री जपता येत नाही."

लेक हसली. "म्हणून तर आम्ही तो मोजतो. किती आहे, कुठे आहे, माहीत असतं. तुझ्या बॉयलरचा धूर कुणी मोजला? सोडला आकाशात, की झालं."

अक्काची घडी अर्ध्यावर राहिली. पटलं, आणि पटलं म्हणून रागही आला. "बरं, पण तारेतून येते ती वीज तुझ्याच केंद्रातली कशावरून?"

"नुसती आमची नसतेच. तारेत सगळ्यांची मिसळते. आमचं केंद्र देखभालीला बंद असलं की कोळशाचीही येते."

"म्हणजे तुझ्या मालातही भेसळ!" अक्का खूश झाली. पोरीने लपवलं नाही, हेही तिने मनात टिपून ठेवलं.

दाराशी उभ्या जावयाने हे सगळं ऐकलं. सासूबाई विजेकडे झुकल्या, असं त्याला वाटलं. बोलून आता उपयोग नव्हता, चालवून दाखवायला हवं होतं. सकाळी कामगार यायच्या आत त्याने आपलं तेल बॉयलरच्या टाकीत ओतलं.

बॉयलर आधी गुण्यागोविंदाने पेटला. वाफ आली, चादरी वाळवायचे रोलर तापले. मग त्याला ठसका लागला. आणखी एक. आणि विझला. मशीनमध्ये हॉस्पिटलच्या ओल्या चादरींचा ढीग तसाच.

"ओतलंस ना?" लेक तरातरा आली. "ओतलंसच ना शेवटी!"

जावई पांढराफटक. "माझ्याच तेलाने घात केला. डबे आजच उचलतो, अक्का. कचेरीत परत घेतात का बघतो."

अक्काच्याही जिभेवर फार काही आलं होतं, पण ती बघत होती बर्नरकडे. असं झालं तरी काय, हे कळल्याशिवाय तिला भांडणही गोड लागायचं नाही. "डबे नंतर उचला. आधी तो फिल्टर काढा."

फिल्टर डांबरासारख्या चिखलाने गच्च भरलेला. अक्काने तो चिमटीत चोळला, नाकाशी नेला. तळणाचा मागमूस नाही. नुसतं डिझेल, तेही शिळं.

"तुमच्या तेलाचा रंग कसा असतो हो?"

"मधासारखा."

"मग ही घाण कुणाची?"

जावई डोळे बारीक करून बघत राहिला. "टाकीच्या तळाचा जुना गाळ असेल. माझ्या तेलाने तो सुटला... सुटतो म्हणे. वाचलं होतं मी, पण घाईत…"

"खरंय," लेक वाकून म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती नवऱ्याकडे नीट बघत होती. "डिझेलचा थर सुटून फिल्टरमध्ये अडकला. टाकी आधी धुवायला हवी होती."

"म्हणजे ह्यांनी माझी टाकी धुतली!" अक्काला हसू आवरेना. "मळकं पांघरूण भिजवलं की पहिलं पाणी काळंच येतं!"

नवा फिल्टर बसला, बॉयलर पुन्हा पेटला, चादरी रोलरवर चढल्या. जावयाच्या चेहऱ्यावर रंग परतला. "मग अक्का, माझ्याच तेलावरचा घेणार ना?"

"गल्लीचं सगळं तेल गोळा केलंत तर ही टाकी भरते किती वेळा?"

"आठवड्याला एकदा," तो चाचरला. "कशीबशी."

"आणि हा बॉयलर ती एका दिवसात पितो. उरलेले दिवस काय पाजू?"

"शेतं घेऊ भाड्याने. तेलबिया लावू."

"माणसाच्या तोंडचं काढून चादरी वाळवू?"

रोलर फिरत होता, वाफ शीळ घालत होती. अक्काने हात पुसले.

"ऐका जावईबापू. तेल तुमचं प्रामाणिक आहे, आगाऊ आहात ते तुम्ही. बॉयलर विजेवरचाच येणार. त्या पिंपांचं काय चाललंय ते मी हिला विचारत राहीन, सुटका नाही तिची. पण कपडे पोचवायच्या माझ्या दोन्ही डिझेल गाड्या आजपासून तुमच्या तेलावर. तेवढं ही गल्ली पुरवेल तुम्हाला. कचेरीत कुणाच्या पाया पडायला जायचं नाही. फक्त गाड्यांच्या टाक्या आधी धुऊन काढा, आणि मग ओता काय ओतायचं ते."