नऊ फुटांची भिंत

आमचे मिस्त्री भिंतीच्या आधी कपडे मोजतात. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"भिंत कुठं पळून जात नाही, वहिनी. कपाटात काय काय जाणार ते आधी पलंगावर काढा. प्रत्येकाचा ढीग वेगळा. मी टेप लावतो, मग चित्र काढतो. ज्यांनी ढीग घातले नाहीत ते सगळे मागाहून माझ्या नावानं ओरडले."

दिवसभर शाळेच्या कार्यालयात दाखले लिहून, दोन जिने चढून आलेल्या बाईला ढीग घाला म्हणायला काय जातं! पण घातले. सासूबाईंची खोली एवढीशी, की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. म्हणून त्यांचंही सामान आमच्याच झोपायच्या खोलीत भिंतभर होणाऱ्या नव्या कपाटात जाणार होतं. त्यांचा ढीग पहिला. त्यात एका काडीचे तीन चष्मे आणि कुणाच्याही मापाचे नसलेले सात स्वेटर होते. दुसरा ह्यांचा. माझे यजमान एका गोदामाचे हिशेब सांभाळतात. त्यांचे सगळे शर्ट निळे; कुठला नवा, कुठला जुना हे फक्त त्यांना कळतं. तिसरा ढीग बारकीचा. बारकी ही आमची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची, माझ्याहून वीतभर उंच, पण नाव पडलं ते पडलं. चार वर्षं झाली, ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. तिचा ढीग मी घडी घालून, वरून हात फिरवून ठेवला.

मिस्त्रींनी टेप लावली, कानामागची पेन्सिल काढली आणि कागदावर नऊ फुटांची भिंत आखली. तीन खण, प्रत्येकी तीन फूट. वर लिहिलं: साहेब, आजी, मुलगी.

मग आकडा आला. एक लाख तीस हजार. ह्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं की लाखाच्या वर दमडी निघणार नाही. आकडा ऐकून ते चष्मा पुसत बसले. ही त्यांची जुनी खोड आहे. ते पुसत बसतात आणि कापायचं काम माझ्या गळ्यात पडतं.

तीन आठवडे मी कापत होते. आधी वरचा माळा गेला. मग आतून ओढून काढायची इस्त्रीची फळी गेली. मग हळूच मिटणाऱ्या बिजागऱ्या जाऊन साध्या आल्या. शेवटी कुलपाचा एक ड्रॉवर गेला. इस्त्रीची फळी आणि ड्रॉवर हे दोन्ही मीच मागितलेले होते, त्यामुळे कापताना कुणाशी भांडावं लागलं नाही. उरलं बहात्तर चौरस फुटांचं साधं कपाट, फुटाला तेराशे. कड्या, वाहतूक आणि हमाली धरून बरोबर लाख. हे खूश झाले. मला फक्त झोप येत होती.

रविवारी सकाळी सही करून अर्धे पैसे द्यायचे ठरलं. सहीच्या आधी ढीग पुन्हा पलंगावर घालून तपासायचे, हाही मिस्त्रींचाच नियम. त्यांनी ह्यांचा ढीग वरपासून खालपर्यंत पाहिला, मग परत पाहिला.

"वहिनी, तुमचे कपडे मी साहेबांच्या ढिगात धरले होते. यात तर एकही नाही. तुमचा ढीग कुठाय?"

मी पलंगावरचे ढीग बघितले. सगळ्यांचे ढीग मी घातले होते. माझा घालायचा राहिला होता. बरं, कुणी मुद्दाम डावललं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

"तिचं काय," हे म्हणाले, "ती कुठेही ठेवते."

या वाक्यानं माझं डोकं फिरलं. खोटं असतं तर फिरलं नसतं. मी उठले आणि सुरुवात केली. पलंगाखालची सूटकेस आणली. दारामागच्या दोन पिशव्या आणल्या. शिलाई मशीनच्या झाकणाखालून, सासूबाईंच्या गादीच्या पायथ्याकडून, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांच्या वरून, धुण्याच्या यंत्रामागच्या खोक्यातून एकेक काढत गेले. कामाचे कपडे, थंडीचा कोट, आईची शाल, लग्नाआधीची पत्रं, एकदाच घातलेले बूट. सगळं आणून पलंगावर आपटलं. ढीग सगळ्यात उंच झाला. सासूबाई खुर्ची मागे सरकवून बघत राहिल्या. हे चष्मा पुसायला लागले.

मिस्त्रींनी टेप लावली. "अडीच फूट. भिंत तर भरली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीनंच पाहिलं, काय कमी करायचं ते ही सांगेल म्हणून.

"मी नाही कापणार," मी म्हटलं. "सत्तावीस वर्षं या घरात मी पिशवीतून कपडे काढून घालतेय. मला माझा खण पाहिजे. कुणाचं कापायचं ते तुम्ही ठरवा." आणि मी खाली फरशीवर बसले. बरं वाटलं.

"माझी एक फळी घे गं," सासूबाई म्हणाल्या आणि स्वेटरांवर हात ठेवला. ह्यांनी दोन निळे शर्ट उचलले, उजेडात धरले आणि परत ठेवले. कुणालाही काही सोडवत नव्हतं. आता खरं भांडण होणार होतं आणि मी त्याला तयार होते. दमलेली होते, पण तयार होते.

तेवढ्यात ह्यांना सुचलं. त्यांनी बारकीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली. ती काहीतरी खात होती.

"अहो बाबा, मग माझा खण काढून टाका ना! आईला द्या. मी कुठं परत येतेय? त्यातलं काहीच लागत नाही मला. देऊन टाका कुणालातरी." मग म्हणाली, "आई, रागावलीस का गं? तुला आधीच मिळायला हवा होता. बरं, ठेवते, मला बाहेर जायचंय."

"सुटला प्रश्न," हे म्हणाले. मिस्त्रींनी 'मुलगी' खोडून 'वहिनी' लिहिलं. तीन मिनिटांत सगळं झालं. सासूबाईंशी आणि ह्यांच्याशी काय भांडायचं ते मी ठरवून बसले होते. ही मुलगी इतकी सहज निघून जाईल हे डोक्यातच नव्हतं. चार वर्षं मी म्हणत होते की ती नोकरीसाठी बाहेर आहे. ती राहतेच तिकडे, हे मला आत्ता कळलं, आणि फार दुखलं.

"सही करा, साहेब," मिस्त्री म्हणाले. "आणि हा मुलीचा ढीग इथून हलवा."

मी उठले, तो ढीग उचलला, माझ्या ढिगावर ठेवला आणि म्हटलं, "हे धरून मोजा."

"वहिनी, ती तर म्हणाली..."

"मोजा."

त्यांनी टेप ताणली, आकडा पाहिला, परत पाहिला. "साडेचार फूट होतायत. खण तीनच फुटांचा आहे. तुमचं दीड फूट कमी करावं लागेल."

"करा," मी म्हटलं.