हुद्द्याप्रमाणे नदी

कंपनीची बस वारज्याहून निघून खडकवासल्याच्या वरच्या खोऱ्यात पोचली, तेव्हा अनिरुद्धच्या खिशात कल्याणीने काढलेली यादी होती. कल्याणी एचआरची. नदीवर नाव वल्हवण्याच्या तीन पातळ्या असतात असं कळल्यावर तिने कंपनीत सगळं लावतात तसंच हेही लावलं होतं: नवे भरती झालेले पहिल्या पातळीला, टीम लीड दुसऱ्या, मॅनेजर तिसऱ्या. अनिरुद्ध मॅनेजर, म्हणून खडकांमधून उसळणारं वळण त्याच्या वाट्याला आलं आणि काठालगतचा शांत डोह दीपालीच्या. दीपालीला नोकरीत सहाच महिने झाले होते. त्याआधी चार वर्षं ती कॉलेजच्या बोट क्लबात वल्हं मारत होती, पण यादीत तसा रकानाच नव्हता.

अनिरुद्धला पोहता येत नव्हतं. नारायण पेठेत वाढलेल्या त्याला पाणी ठाऊक होतं ते नळाचं, तेही सकाळी दोन तास. पण दीपालीबरोबर पहिल्या पातळीत बसलं, तर सोमवारी ऑफिसात कुठल्या तोंडाने शिरायचं?

तिथे नाव वल्हवायला शिकवायचे ते साठी उलटलेले मुनव्वरचाचा. त्यांनी यादी शांतपणे वाचली आणि घडी करून परत दिली.

"छान आहे. नदीला दाखवलीत का?"

मग त्यांनी सांगितलं, आधी प्रत्येकाने काठाशी नाव उलटी करून बाहेर यायचं. दीपाली उलटली, निघाली, केस झटकून उभी राहिली. अनिरुद्ध उलटला आणि लाईफ जॅकेटसकट हातपाय झाडत राहिला.

"साहेब," चाचा म्हणाले, "आपण उभे राहा."

तो उभा राहिला. पाणी गुडघ्याला लागत होतं. कोणी हसलं नाही. पुढच्या महिन्यात अप्रेजल होतं.

चाचांनी त्याला डोहातल्या नावेत बसवलं आणि दीपालीला खडकांच्या वळणाकडे पाठवलं. कल्याणी क्षणभर गोंधळली, मग पेन काढून तिने आकडे फिरवले. डोह झाला तिसरी पातळी, खडकांचं वळण पहिली. सगळ्यांना ते लगेच पटलं.

पहिल्या पातळीची दीपाली वळणापलीकडे दिसेनाशी झाली. अनिरुद्धची नाव डोहात गोल गोल फिरत होती आणि तिला बांधलेली दोरी चाचांच्या मुठीत होती. डावं पातं पाण्यात घाला, हे ते पाचव्यांदा, पहिल्याइतक्याच मायेने सांगत होते.

अनिरुद्धने आधी फोटो काढून घेतला. तिसऱ्या पातळीचा, दोरी दिसणार नाही असा.