वारस कोण लावायचा?

आमच्या घरात पक्का विमा एकाचाच उतरवलेला होता, आणि तो म्हणजे गाडीचा. माणसांचं लिंबू-मिरचीवर भागत होतं.

गाडी म्हणजे मोटारसायकल, माझ्या बापानं दिलेली. लग्नाच्या बोलणीत "आमाला काय बी नको, पोरगी आमच्या घरची झाली" असं म्हणत म्हणत सासूनं गाडीचा रंगसुद्धा सांगून टाकला होता. लग्नाची हळद अंगावर असतानाच आम्ही नगरच्या शोरूममध्ये जाऊन बसलो. माझा नवरा अमृत, सासू बायडाबाई, जिला मी आत्याबाई म्हणते, मी, आणि खिशात हात घालायला माझे वडील रंगनाथ. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा काष्टीहून पहाटेच निघाले होते, कारण जावयाला ताटकळत ठेवलेलं विहिणीला चालत नाही.

विम्याच्या टेबलावर भागवत नावाचा माणूस होता. गोड बोलणारा, पण खोटा नव्हता. त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. आपल्या गाडीनं दुसऱ्याला लागलं तर त्याचा थर्ड पार्टी विमा, तो कायद्यानं घ्यावाच लागतो. गाडी चोरीला गेली, पडली, फुटली तर फुल विमा. त्यावर झिरो डेप घेतला की प्लास्टिकच्या तुकड्यापर्यंत सगळं नवं मिळतं. सासूला हे फार आवडलं. चोरीचं घ्या, फुटायचं घ्या, रस्त्यात बंद पडली तर उचलून आणायचं घ्या, असं ती एकेक सांगत गेली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना आत्याबाईंचा हात कधी आखडला नाही.

शेवटी भागवत म्हणाला की आता मालकाचा अपघात विमा राहिला. चालवताना मालकाचंच काही बरंवाईट झालं तर घरच्यांना रक्कम मिळते, आणि सगळ्यात स्वस्त हाच आहे. मग त्यानं पेन सरळ केलं आणि विचारलं, "वारस कोण लावायचा? बायकोचं नाव टाकू?"

सासूनं हातातला पेढ्याचा बॉक्स टेबलावर आपटला.

"माझ्या पोराची हळद अजून उतरली न्हाई, आन् तुमी वारस इचारता? वारस मेलेल्याला अस्तो. जित्याला न्हाई."

आबांनी चाचरत सांगून पाहिलं की काढून ठेवलेला बरा असतो, आमच्याकडं सगळ्यांनी काढलाय. त्यावर तिनं विचारलं, व्याही गाडी द्यायला आलेत की पोराचं मरण मोजायला? आबांची मान खाली गेली. मुलीच्या बापाची मान तशीही खाली घालायलाच घडवलेली असते. मी नवी नवरी, तरी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "असू द्या ना आत्याबाई, नुसतं नाव तर लावायचंय."

तिनं माझ्याकडं नीट वळून पाहिलं. "तुला लई घाई झाली का गं?"

अमृत हसला. त्याला भांडण नको असलं की तो हसायचा. भागवतला म्हणाला, सोडून द्या तो रकाना. भागवतनं सांगितलं, असा सोडता येत नाही, दुसरीकडं काढलाय असं लिहून द्यावं लागतं. मग तसं लिहिलं. बाहेर येऊन सासूनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, हँडलला लिंबू-मिरची बांधली, आणि एवढ्या थोर बंदोबस्तानंतर आम्ही पेढे खाल्ले.

माणूस म्हणून अमृत चांगला होता, हे सांगायलाच पाहिजे. सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटदाराच्या हाताखाली राबायचा आणि सुट्टीच्या दिवशी मला मोकळ्या रानात गाडी शिकवायचा. गिअर बदलताना मी गाडी बंद पाडली की म्हणायचा, गाडी फुल विम्याची हाय, तू बिनधास्त पाड. लायसनही त्यानंच काढून दिलं. सासूला हे पसंत नव्हतं, पण त्या वेळीही तो हसला.

पहिल्या दिवाळीला मी आधीच काष्टीला गेले होते. जावयाचा दिवाळसण, म्हणून आईनं अनारसे केले होते, आबांनी घड्याळ आणून ठेवलं होतं. तो वाटेत होता. रस्त्यात कुत्रं आडवं आलं. दुसरं वाहन नाही, कुणाची चूक नाही, म्हणजे दावा लावायलाही कोणी नाही. कुत्रं पळून गेलं. अमृत तिथंच गेला.

तेराव्याच्या आतच गावात बोलणं सुरू झालं. हिनं पहिल्याच दिवशी वारस म्हणून नाव लावायला सांगितलं होतं म्हणे, हिच्याच तोंडून अभद्र निघालं. बोलणं कुठून निघालं ते मला शोधावं लागलं नाही. माझ्या नवऱ्याला कुत्र्यानं नाही, माझ्या जिभेनं मारलं, असं ठरलं. आणि जिनं ठरवलं ती त्याची आई होती, म्हणून तिला कोणी काही विचारलं नाही.

गाडी मात्र परत आली. पोलिसांकडून शोरूमला गेली आणि नवी टाकी, नवा दिवा, नवं हँडल लावून दारात उभी राहिली. बायडाबाईनं घेतलेला विमा चोख होता, स्क्रूसुद्धा जुना राहिला नाही. भागवतनं मला बाजूला घेऊन सांगायला सुरुवात केली की तो एक रकाना भरला असता तर. मी त्याला हात जोडले. वरातीमागून घोडं आणायची हौस ज्याला त्याला असते. आत्याबाईंनी पुन्हा लिंबू-मिरची बांधली. तिथं मी एकटीच रडले, दुःखानं कमी आणि रागानं जास्त.

माझी मागणी एवढीच होती की गाडी मला मिळावी. सुप्याच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळत होतं, पण पहिल्या पाळीच्या वेळेला आमच्या फाट्यावर एसटी नाही. गाडी असेल तर नोकरी, नसेल तर काष्टीला भावजयीच्या हाताखाली जन्म. सासूला ती धाकट्या मुलासाठी, कल्याणसाठी हवी होती. घर, जमीन सगळं तिच्याच नावावर, त्यात मला बोलायला जागा नव्हती. पण गाडी अमृतच्या नावावर होती. भागवत म्हणाला, आई आणि बायको, दोघींच्या सह्या लागतील.

म्हणून पुन्हा तेच टेबल. सासू, कल्याण, मी आणि आबा. भागवतनं कागद पुढं ओढला आणि विचारलं, मयताचे वारस कोण?

"मी," बायडाबाई लगेच म्हणाली. "मी हाय वारस. आई हाय त्याची."

वाटलं, आई आहे, म्हणू दे. गाडी कल्याणला देऊन टाकायला मी पेन उघडलंही होतं. सगळ्यांशी भांडून थकलेलं माणूस सही करून मोकळं होतं. तेवढ्यात भागवतनं कल्याणच्या नावानं नव्या विम्याचं विचारलं. मालकाचा अपघात विमा काढायचा का, हे त्यानं फार हळू विचारलं.

सासू माझ्याकडं न बघता म्हणाली, "काढा. वारस म्हनून माझं नाव लावा."

माझ्या नवऱ्याच्या मरणावर बाई शहाणी झाली होती. मी पेनला टोपण लावलं.

"आत्याबाई, जित्याला वारस नसतो, तुम्हीच म्हणाला होता. वारस मेलेल्याला असतो. मेलाय तो माझा नवरा. गाडी मला लागते."

कल्याणनं खिशातली चावी काढून टेबलावर ठेवली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. सासूनं पदरानं तोंड पुसलं, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. मग म्हणाली, "घिऊन जा. पर माझ्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठिवू नको." मी चावी उचलली. नोकरी मिळाली, घर गेलं. फायद्याचा सौदा म्हणायचा.

ती गेल्यावर भागवतनं कागद माझ्या बाजूला वळवला. मी म्हणाले, मला आधी तो स्वस्तातला द्या, मालकाचा. त्यानं पेन सरळ केलं आणि थांबला. त्याला विचारवेना. मीच सांगितलं, वारस म्हणून रंगनाथ लावा, माझे वडील.

शेजारी आबा खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी माझा हात धरला.

"असलं अभद्र बोलू नये, पोरी. अजून मी जिता हाय."

मी हात सोडवून घेतला नाही. भागवतला म्हणाले, "तुम्ही लिहा."